लयीतले तीन टक्के

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२४० वॅट’ छापलं होतं. ते वाचताक्षणी माझं डोकं तापलं.

“हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“अगं, अजून उघडलंही नाहीस,” वृंदाताई म्हणाल्या.

“उघडायची गरजच नाही. हा अॅडॅप्टर बघा. बारा व्होल्ट, दीड अँपिअर. गुणाकार केला की अठरा. भिंतीतून अठरा वॅट आत जाणार आणि स्पीकरमधून दोनशे चाळीस बाहेर येणार? वरचे दोनशे बावीस काय कंपनीचा मालक घरून आणून घालतो?”

गुरवकाका कोपऱ्यात बसून तबल्याचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकत होते. मान वर न करता ते म्हणाले, “आमच्याकडं बाजारात एक मलमवाला यायचा. गुडघा, दात आन् दमा, तिन्हीला एकच डबी. त्याचाच पोरगा असंल हा कंपनीवाला.”

वृंदाताई हसल्या. “म्हणून तर हिला बोलावलं. आपल्याला काय कळतंय? फिजिक्सचं पोरगं हाताशी आहे तर तपासून घेऊ.”

ही २००९च्या मे महिन्यातली गोष्ट. बी.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन मी सांगलीत घरी बसले होते. निकाल यायचा होता, पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. वृंदाताई कारखानीसांचा कथकचा वर्ग आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यांच्याच बंगल्यामागच्या हॉलमध्ये भरायचा. मी तिथे आठ वर्षं शिकले होते. मध्यमा परीक्षेत केंद्रात पहिली आले होते, आणि “सुनेत्राची लय म्हणजे घड्याळ” असं परीक्षकांनी वृंदाताईंना सांगितल्याचं आमच्या घरी अजूनही पाहुण्यांना ऐकवलं जायचं. कॉलेजमुळे नाच सुटला, घड्याळ मात्र मनात राहिलं.

वृंदाताईंच्या मुलाने सिंगापूरहून येताना एक छोटा म्युझिक प्लेअर आणला होता, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. त्यातलं गाणं कानात घालून एकट्यानेच ऐकायचं. ते सगळ्यांना ऐकू यावं म्हणून हा डॉक. मधे प्लेअर बसवायची खोबण, दोन्ही बाजूंना स्पीकर, वर उचलायला मूठ. विजेवर चालायचा आणि सहा मोठ्या सेलवरही. गणपती पेठेतल्या दुकानदाराने तो आठवडाभर वापरायला दिला होता. पटला तर ठेवायचा, नाही तर परत.

“कशासाठी हवाय?” मी विचारलं होतं.

“शिबिराला, बाहेरगावी, मुलींना गच्चीवर सराव करायला,” वृंदाताई म्हणाल्या. “या हॉलमध्ये पुरेल का आणि किती वेळ चालेल, एवढं सांग. पण नीट सांग हं, उगाच बरा आहे, वाईट आहे असं नको. लिहून दे.”

लिहून दे म्हटल्यावर मला कुणी थांबवू शकत नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी सरांच्या हातापाया पडून एक चांगला माइक आणि मल्टिमीटर आणला. माझा लॅपटॉप होताच. खोक्यावरच्या एकेका दाव्याला मी असं धरलं जसं पोलीस चोराला धरतात. दहा तास बॅटरी म्हणे. नवे सेल घालून घड्याळ लावून बसले; सहा तास दहा मिनिटांनी डॉकने मान टाकली. ‘खोल, घुमणारा आवाज’ म्हणे. डग्ग्याचा ‘घे’ त्यातून असा यायचा जसं कुणी पुठ्ठ्यावर टिचकी मारतंय.

खरं म्हणजे मी तिथेच ‘नापास’ लिहून खोकं परत पाठवायला हवं होतं. पण मला राग आला होता आणि रागासोबत कुतूहलही. मी डॉक हॉलभर फिरवून पाहिला. मध्यावर, खिडकीत, स्टुलावर, जमिनीवर. पश्चिमेच्या कोपऱ्यात दोन भिंती जिथे मिळतात तिथे जमिनीवर ठेवला तेव्हा डग्गा एकदम जागा झाला. दोन्ही भिंती आणि फरशी मिळून तो आवाज पुढे ढकलत होत्या. मी मोजलं, खालच्या सुरांत दाब दुप्पट झाला होता. चौदा मुलींच्या अठ्ठावीस पायांतले घुंगरू एकदम वाजत असतानाही ठेका शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता.

मी टाळी वाजवली. मुली बघत होत्या तरी वाजवली.

मग मला वाटलं की बाजारातल्या कुठल्याही गाण्यावर चाचणी घेणं शास्त्रीय नाही. तुलना करायची तर तेच वादन, तीच खोली, तोच माणूस. एकदा प्रत्यक्ष आणि एकदा डॉकमधून. मी गुरवकाकांना विचारलं.

यशवंत गुरव बुधगावचे. घरी देवळाची पूजा भावाकडे आणि वाजवणं यांच्याकडे अशी वाटणी होती. एकोणीस वर्षं ते आठवड्यातले चार दिवस बसने सांगलीला यायचे. वृंदाताई पेटीवर लेहरा, म्हणजे फिरत राहणारी एकच चाल, धरायच्या, काका ठेका द्यायचे, आम्ही नाचायचो. त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न.

“किती वाजवायचं?” त्यांनी विचारलं.

“सगळंच. विलंबित, मध्य, द्रुत, तिन्हीत तीनताल. मग झपताल. थाट, आमद, तोडे, तुकडे, परण. परीक्षांचं जेवढं आहे तेवढं.”

“एवढं त्या डब्याला पचंल?”

“तेच बघायचंय.”

दोन दुपारी गेल्या. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती. वृंदाताई पेटीवर आणि काका तबल्यावर. काकांच्या कानशिलांवरून घाम हनुवटीवर आणि तिथून सदऱ्यावर टपकत होता. एखादा बोल पुसट निघाला की मी काही म्हणायच्या आधी तेच हात वर करायचे, “थांब, परत घेऊ.” एक तुकडा त्यांनी पाच वेळा परत घेतला. मधे फक्त चहा मागितला, तोही बिनसाखरेचा.

दुसऱ्या दिवशी संपल्यावर ते पालथ्या हाताने कपाळ पुसत म्हणाले, “पोरींना घरी सरावाला उपयोगी पडंल. नाहीतर आईच्या टाळ्यांवर नाचत्यात, आन् आईचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडं.”

वृंदाताई पेटीचा भाता बंद करत होत्या. त्यांनी पेटीवर खोळ चढवली.

रविवारी सकाळी मी शेवटची परीक्षा घेतली. हॉलच्या एका टोकाला जुना रंगमंचाचा पडदा बांधला. पडद्यामागे काका, वृंदाताई आणि कोपऱ्यात डॉक. पुढे मुली नाचणार; पडद्याच्या फटीतून काकांना त्यांचे पाय दिसत होते. दहा पालक खुर्च्यांवर, हातात चिठ्ठ्या. सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत कधी प्रत्यक्ष वाजणार, कधी डॉक. नाणं उडवून मी ते ठरवलं होतं. पालकांनी फक्त लिहायचं, माणूस की यंत्र.

साठ उत्तरांतली तेहतीस बरोबर आली. म्हणजे डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. पालक अवाक झाले, वृंदाताईंनी माझी पाठ थोपटली आणि माझी छाती फुगली. काका पडद्याआडून बाहेर आले आणि म्हणाले, “म्हंजे मी बी यंत्र झालो म्हणा की.” सगळे हसले, मीही हसले.

घरी जाऊन मी आणखी एक गोष्ट केली, कुणी सांगितली नसताना. सहाही फेऱ्या मी लॅपटॉपवर घेतल्या होत्या. रात्रीचं जेवण होईपर्यंत बसून प्रत्येक मात्रेची जागा खुणेने टिपली आणि दोन मात्रांमधलं अंतर काढलं. डॉकच्या फेऱ्यांत ते अंतर जवळजवळ तंतोतंत सारखं होतं. प्रत्यक्ष फेऱ्यांत मात्र चार ठिकाणी लय मंदावली होती, तीन टक्क्यांपर्यंत. आकडा लहान वाटतो. पण सोळा मात्रांच्या एका आवर्तनात त्याने जवळजवळ पाव सेकंद, म्हणजे अर्धी मात्रा लांबते.

अहवाल चार पानांचा झाला. दोनशे चाळीस वॅटच्या दाव्यावर मी दीड पान खर्च केलं, इतकी मी चिडले होते. बॅटरीवर अर्धं. कोपऱ्याच्या शोधावर एक पान, आकृतीसह. शेवटी निष्कर्ष: ‘दावे खोटे असले तरी कोपऱ्यात ठेवल्यास या हॉलसाठी उपकरण योग्य आहे. प्रत्यक्ष वादन व उपकरण यांतला फरक श्रोत्यांना ओळखता आला नाही. उपकरणाची लय स्थिर राहते. वादकाची लय तीन टक्क्यांपर्यंत ढळते, बहुधा थकव्यामुळे.’ खाली माझी सही.

बुधवारी माइक न्यायला गेले तेव्हा वर्ग चालू होता. कोपऱ्यात डॉक वाजत होता. पेटीवर खोळ चढवलेली. काकांची सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकलेली. वृंदाताई मुलींच्या समोर उभ्या राहून हाताने ताल दाखवत होत्या.

“काका आले नाहीत?”

“सोमवारी सांगितलं त्यांना,” त्या मुलींवरची नजर न काढता म्हणाल्या. “ओवी, मान सरळ. तुझा अहवालच दाखवला. म्हटलं, मी काही म्हणत नाही, मोजूनच आलंय.”

“काय सांगितलंत?”

“की आता वय झालं, दगदग नको.”

“शिबिरासाठी म्हणाला होतात तुम्ही.”

“शिबिरालाही नेणार आहे.”

“ताई, तुम्ही मला हे सांगितलं नव्हतंत.”

“तू विचारलंस कुठे?” त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. “तुला डबा तपासायला सांगितला होता. लयीचं मोजायला मी सांगितलं होतं का? ते तू आपण होऊन लिहिलंस. आणि खोटं तर लिहिलं नाहीस ना?”

मी माइक तिथेच विसरून बाहेर पडले. मला इतका संताप आला होता की बुधगावची बस येईपर्यंत मी थांब्यावर फेऱ्या घालत होते. माझं म्हणणं मनात तयार होतं. काका, मला फसवलं, मला अंधारात ठेवलं, वगैरे.

गुरवकाकांच्या घरी ते पडवीत बसले होते, मांडीवर डग्गा, हातात चामड्याची वादी. मी पायरीवर पाय ठेवला आणि ते म्हणाले, “या. बसा.”

लहानपणापासून ते मला ‘अगं ए’ म्हणत आले होते.

“काका, मला खरंच माहीत नव्हतं…”

“ते नंतर.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझ्या अहवालाचं शेवटचं पान. “हे ‘थकव्यामुळं’ कुणी लिहिलं?”

“मी.”

“तुम्हाला कुणी सांगितलं मी थकलो म्हणून?”

“कुणी नाही. लय ढळलेली दिसली, म्हणून मी अंदाज…”

“ढळली?” त्यांनी डग्गा खाली ठेवला. “बाई, एकोणीस वर्षं नोकरी केली, ती गेली. जाऊ दे. डबा घेतला, घेऊ दे. पण माझी लय ढळते, हे गावात कुणी बोललं नव्हतं. माझ्या बापानं पखवाज शिकवताना वेताची छडी ठेवली होती बाजूला. ढळते म्हणं. आणा ते तुमचं यंत्र. आणलंय का?”

लॅपटॉप पिशवीत होता. मी उघडला.

“कुठं कुठं ढळली ते सांगा.”

“पहिली जागा, दुसऱ्या फेरीत. एक मिनिट चौदा सेकंदांनी.”

“कुठला तुकडा?”

मी ऐकवला. त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि हात वर केला. “ओवी सूर्यवंशी. तीन चक्करं घेऊन येते, डावा पाय मागं राहतो. दोन वर्षं झाली, राहतोच. मी तिथं जरा धरून ठेवतो. समेला पाय पडला की सोडतो. पुढं?”

“दोन मिनिटं एकतीस.”

“रेवा. ती बुटकी आहे, मागच्या रांगेतून पुढं यायला तिला एक पाऊल जास्त लागतं. पुढं?”

“पाचवी फेरी, पन्नास सेकंद.”

“परत ओवी. तेच चक्कर.”

मी फायलीत मागे गेले. पाचव्या फेरीत पन्नासाव्या सेकंदाला त्याच चक्करचे घुंगरू ऐकू येत होते. मी ते रविवारी ऐकले होते, पण मला फक्त तबल्याच्या खुणा हव्या होत्या म्हणून घुंगरांचा आवाज गाळून टाकला होता.

“चौथी जागा,” मी म्हटलं. “सहावी फेरी. दोन मिनिटं पाच.”

त्यांनी ऐकलं. परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

“ही माझी,” ते म्हणाले. “इथं कुणी पोरगी चुकलेली नाही. बोट घसरलं. ही चूक ठेवा.”

पडवीत आम्ही दोघंच होतो. समोरच्या घरात कुणीतरी जात्याला टाकी लावत होतं, त्याचा टकटक आवाज येत होता. मी एक शेवटची गोष्ट तपासली, जी मी तीन दिवसांपूर्वीच तपासायला हवी होती. त्या दोन दुपारी बंद पंख्याखाली घेतलेलं वादन मी मोजलं. तीच बोटं, तोच तबला, दीड दीड तास सलग, मे महिन्यात. अर्ध्या टक्क्याच्या वर कुठे फरक नव्हता.

डॉकच्या लयीला मी ‘स्थिर’ म्हटलं होतं. ती लय याच माणसाची होती.

“काका, त्या दोन दुपारी तर तुम्ही कुठेच…”

“तिथं समोर कोण होतं?” ते म्हणाले. “भिंत. भिंतीसाठी कशाला थांबू?”

मी मान खाली घातली. त्यांचा राग मात्र उतरला नव्हता.

“तीन म्हणताय ना तुम्ही? टक्के. तुम्हाला सात लागायचे.”

“मला?”

“मध्यमाच्या परीक्षेत. चक्रदार तोड्याला. दुसऱ्या पल्ल्यानंतर तुमचा श्वास संपायचा, तिसऱ्याची सुरुवात कायम उशिरा. सात तरी असतील, जास्तच. परीक्षक म्हणाले, घड्याळ आहे पोरगी. मी बसलो होतो तिथं. म्हटलं, म्हणू देत.”

परतीच्या बसमध्ये मी कुणावर चिडावं हे मला ठरवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवा कागद लिहिला. एकच पान. कुठल्या चार ठिकाणी लय मंदावली, त्यातल्या तीन ठिकाणी कुठली विद्यार्थिनी कुठल्या पावलाला होती, चौथी वादकाची चूक, आणि एकट्याने वाजवताना तोच वादक दीड तासात अर्ध्या टक्क्याबाहेर गेला नाही. ‘थकव्यामुळे हे माझं विधान निराधार होतं. त्याला कुठलंही मोजमाप नव्हतं.’ सही.

वृंदाताईंनी तो उभ्या उभ्या वाचला.

“बरं,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“मग काय? मुली त्यांच्या आधाराने नाचायच्या, असंच झालं ना हे? आधाराशिवाय नाचायला शिकू देत. लय कुणासाठी थांबत नसते.”

“हे म्हणणं मला कळतं ताई. कदाचित बरोबरही असेल. पण मग तेच सांगा ना त्यांना. तुम्ही मुलींना फार सांभाळता, मला ते नको आहे, असं सांगून थांबवा. थकलात म्हणून का थांबवलंत?”

“ते तूच लिहिलं होतंस.”

“तुम्हाला ठाऊक होतं की ते चुकीचं आहे.”

“मला कसं ठाऊक असणार?” त्यांनी कागदाची घडी घातली. “मी पेटी वाजवत होते. मला तुझे टक्केबिक्के कळत नाहीत, बाई. दोन वर्षांपूर्वी परीक्षक मला काय म्हणून गेले माहितीये? ‘तुमचे तबलजी फार छान, मुली आपोआप दिसतात.’ मुली आपोआप दिसतात. पहाटे पाचला उठून शिकवते मी, आणि मुली आपोआप दिसतात.”

“म्हणून?”

“म्हणून काही नाही. विषय संपला.” कागद त्यांनी पेटीच्या खोळीत सरकवला.

शनिवारी वर्ग सुटायच्या वेळी मी त्या कागदाच्या तीस झेरॉक्स घेऊन फाटकाशी उभी राहिले. एकेका पालकाला एक प्रत दिली. तोंडाने काय म्हणावं सुचत नव्हतं, म्हणून एवढंच म्हणत होते, “मी रविवारी चुकीचं लिहिलं होतं, हे बरोबर आहे.” काहींनी घडी करून पर्समध्ये टाकला. एक बाई म्हणाल्या, “मशीनवर नाचतायत ना पोरी? मग झालं तर.” दुसऱ्या एकींनी विचारलं की हा कुठल्या क्लासचा जाहिरातीचा कागद आहे.

ओवीचे वडील मात्र स्कूटर बंद करून वाचत बसले. सूर्यवंशी साखर कारखान्यात केमिस्ट होते. त्यांनी आकडे बोटाने धरून दोनदा वाचले. तेवढ्यात वृंदाताई मुलींना सोडायला फाटकाशी आल्या. पाच-सहा पालक तिथेच उभे होते.

“एक शंका आहे,” सूर्यवंशी मला म्हणाले. “तबला या तीन ठिकाणी मागे आला म्हणता. पण पेटीही चालू होती ना? मग तबला मागे आणि पेटी पुढे, असं व्हायला हवं होतं. आम्ही समोर बसलो होतो, तसं काही जाणवलं नाही. तुमच्या मोजण्यातच काही घोळ नाही ना? की पेटीवाल्याच्या चुका तबल्याच्या नावावर लागल्या?”

मी पेटी मोजलीच नव्हती. मी घाईघाईने उत्तर जुळवू लागले.

“पेटी मी वाजवत होते,” वृंदाताई म्हणाल्या.

“हां, तेच विचारतोय. पेटी पुढे गेली असेल आणि…”

“माझी पेटी एकदाही पुढे गेलेली नाही.” त्यांचा आवाज चढला. “एकोणीस वर्षांत नाही. ते थांबले की मी थांबते. तुमच्या ओवीच्या डाव्या पायापाशी, रेवाच्या त्या जास्तीच्या पावलापाशी, प्रत्येक वेळी. ते डोळ्याने सांगतात आणि माझी बोटं थांबतात. चूक म्हणे. या कागदात पेटीचं एक अक्षर लिहिलेलं नाही हिने.”

ओवी घुंगरांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभी होती.

“म्हणजे ते थकलेले नव्हते,” सूर्यवंशी म्हणाले. चौकशी करावी तसं, साध्या आवाजात.

वृंदाताई फाटकापासून वळल्या. मग त्या आत गेल्या. हॉलचं दार त्यांनी लावून घेतलं.

रविवारी सकाळच्या बसने मी बुधगावला गेले, काकांना नवा कागद वाचायला दिला आणि सगळं सांगितलं. जसं घडलं तसं, कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द. ते ऐकत होते.

“ती स्वतः म्हणाली?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“पाच-सहा पालक होते. काका, आता त्या तुम्हाला बोलावतील. त्यांना बोलवावंच लागेल. परीक्षेला तर प्रत्यक्ष साथच लागते.”

“बोलवंल,” ते म्हणाले. “मी जाणार नाही. जो कागद दाखवून घालवलं, तो खोटा आहे हे माहीत असून दाखवला. कुठल्या तोंडानं तिथं बसू? कुठल्या हातानं वाजवू?”

वर्गात ते पुन्हा कधी गेले नाहीत. परीक्षेला मिरजेहून दुसरे कुणी आले होते, असं मला पुण्यात कळलं. डॉक किती वर्षं चालला ते माहीत नाही.

त्या सकाळी मी उठायला लागले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. भिंतीतल्या देवळीत ठेवलेला माझा नवा कागद आणला, चष्मा लावला आणि तो पुन्हा एकदा खालपर्यंत वाचला.

“ह्यात कमी आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“पेटीचं. ती खरंच बोलली. मी थांबलो की तिची बोटं थांबायची. मला कधी हात करावा लागला नाही, नुसती नजर. अशी पेटी सांगलीत दुसरी नाही.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि खिशातलं पेन टोपण काढून दिलं. “तेवढं लिही. मग सही कर.”